घारापुरी : लेण्यांचे बेट आणि त्याचे किनारे

मुंबईच्या अपोलो बंदरापासून पूर्वेला सुमारे १० किलोमीटरवर घारापुरीचे बेट आहे. दोन टेकड्या, त्यांच्यामधली एक अरुंद घळ आणि भोवती चिखलाचा, तिवरांचा आणि दगडगोट्यांचा किनारा, एवढाच त्याचा विस्तार. पश्चिमेकडची टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे १७० मीटर उंच आहे. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही बेट मुंबईत मोडत नाही. ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते. बेटावर तीन वस्त्या आहेत आणि तिन्हींच्या नावांत बंदर आहे : वायव्येला शेतबंदर, ईशान्येला मोराबंदर आणि दक्षिणेला राजबंदर.

घारापुरी म्हटले की बहुतेकांना महेशमूर्ती आठवते, आणि ते रास्तच आहे. मात्र लेणे तेवढे पाहून परतणाऱ्याला बेटाचा अर्धाच इतिहास कळतो. हे लेणे एखाद्या ओसाड बेटावर एकाएकी उभे राहिलेले नाही. ते कोरले गेले तेव्हा इथल्या बंदराला किमान पाचशे वर्षे झाली होती. लेणे खोदवणारे, त्याची मोडतोड करणारे, त्याची मोजमापे घेणारे आणि अखेर त्याचे रक्षण करणारे असे सगळेच समुद्रावाटे आले. म्हणून या लेण्याच्या इतिहासाची सुरुवात किनाऱ्यापासून करावी लागते.

इसवी सनाच्या आगेमागे भूमध्य समुद्राकाठचा व्यापारी माल इजिप्तमधून तांबड्या समुद्रात उतरे आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन पश्चिम भारताच्या किनाऱ्याला लागे. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल या तिन्ही बंदरांची नावे येतात. या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट आणि बोरघाट चढून जुन्नर, तेर, पैठण अशा देशावरच्या पेठांत जाई. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरांत या व्यापाराच्या खुणा आजही वाचता येतात. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे दानलेख आहेत. त्यांपैकी इरिलाने पाण्याची दोन टाकी, चिटाने भोजनमंडप आणि चंदाने लेण्याचे दर्शनी काम दान दिले. कार्ल्याच्या चैत्यगृहातले अनेक खांबही धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दिलेले आहेत. कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात तर भूमध्य समुद्राचा देव पोसायडन याची लहानशी ब्राँझ मूर्ती सापडली, आणि ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापासून दूर, सह्याद्री ओलांडून परक्या समुद्राचा देव देशावर पोहोचला होता, तर मधल्या बंदरांत काय उलाढाल चालत असेल याचा अंदाज करता येतो.

कल्याणला जाणारे गलबत ठाण्याच्या खाडीत शिरे. खाडीच्या तोंडाशी आधी मोकळ्या समुद्राची लाट मोडते आणि मग उथळ, गाळाचे, भरती-ओहोटीवर चालणारे पाणी सुरू होते. घारापुरी नेमकी या सीमेवर आहे. तिच्या आडोशाला गलबते नांगर टाकू शकत, गोडे पाणी भरून घेऊ शकत, आणि पुढे खाडीत शिरायला भरतीची वाट पाहू शकत. मोठ्या गलबतांतला माल लहान होड्यांत उतरवायलाही ही जागा सोयीची होती. वर टेकडी असल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या शिडांवर नजर ठेवता येई. या सगळ्या सोयी पाहता इथे बंदर वसणे अगदी स्वाभाविक होते.

किनाऱ्यावर मिळालेल्या वस्तू याला दुजोरा देतात. मोराबंदर आणि राजबंदरच्या बाजूला जुन्या विटा, खापऱ्या आणि नाणी सापडली आहेत. नाण्यांत पश्चिम क्षत्रपांची नाणी आहेत. खापरांत तांबूस झिलईची भांडी आहेत, तसेच दोन कानांच्या उंच रोमन रांजणांचे म्हणजे अँफोरांचे तुकडेही आहेत. भूमध्य समुद्राकाठचे द्राक्षमद्य, ऑलिव्हचे तेल आणि माशांचे खारवलेले कालवण अशा रांजणांतून जगभर जात असे. पश्चिम भारतात सापडलेले असे सगळे तुकडे पूर्वी रोमन समजले जात. पुढच्या अभ्यासातून कळले की त्यांपैकी बरेच तुकडे इराणच्या आखाताकडून आणि मेसोपोटेमियातून आलेल्या, बिनकानाच्या, निमुळत्या बुडाच्या रांजणांचे आहेत. या दुरुस्तीने घारापुरीचे महत्त्व वाढतेच. रोमचा व्यापार ओसरल्यावरही हे बंदर निजले नाही. ते पश्चिमेच्या दुसऱ्या किनाऱ्यांशी व्यवहार करत राहिले, असा त्याचा अर्थ होतो.

त्या काळातली घारापुरी बौद्धांच्या वावरातली होती. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, त्याच्याजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि एक लहान लेणेही आहे. कान्हेरी, कार्ले, जुन्नर या ठिकाणांप्रमाणे इथेही व्यापारी वाटेवर भिक्षूंची वस्ती होती. पर्यटक पश्चिमेची टेकडी पाहून परततात, त्यामुळे ही टेकडी बहुतेकांनी पाहिलेली नसते.

सहाव्या शतकाच्या मध्याला बेटाचे रूप पालटले. या सुमारास कोकणपट्टी कलचुरी राजा कृष्णराज याच्या अमलाखाली होती. त्याची राजधानी महिष्मती नर्मदेकाठी होती आणि तो स्वतः परम शिवभक्त होता. त्याच्या नाण्यांवर नंदी असतो. मोठ्या लेण्याचा कर्ता कोण, यावर शतकभर वाद चालला. जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात ते बरेच उशिराचे, आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासचे मानले होते. पुढे शैलीच्या अभ्यासातून काळ मागे सरकत सहाव्या शतकावर आला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरींच्या बाजूने मत दिले, आणि वॉल्टर स्पिंक यांनी ते अधिक जोरकसपणे मांडले. या मताला सर्वांत ठोस आधार बेटावरच्या मातीतून मिळाला. कृष्णराजाच्या तांब्याच्या नाण्यांचा एक साठा घारापुरीत सापडला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या नाणी आणि कोरीव लेखांच्या अभ्यासक शोभना गोखले यांनी तो प्रसिद्ध केला. कृष्णराजाची चांदीची नाणी पश्चिम भारतात दूरवर चालत. तांब्याची ही बारीक नाणी मात्र रोजच्या किरकोळ व्यवहाराची होती. लेणे खोदणाऱ्या कारागिरांना आणि मजुरांना रोजंदारी देण्यासाठी ती आणली असावीत, असे अनुमान त्यावरून केले गेले. ते शंभर टक्के सिद्ध झालेले नाही. तरी एवढ्या लहान बेटावर इतक्या हलक्या किमतीची नाणी एकत्र का यावीत, याचे याहून सरळ उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

दुसरा पक्ष कोकणच्या मौर्यांचा. त्यांची राजधानी पुरी. इसवी सन ६३४ मधल्या ऐहोळेच्या शिलालेखात रविकीर्तीने चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या विजयांचे वर्णन केले आहे. पुलकेशीने पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या पुरीवर मदमस्त हत्तींसारख्या शेकडो नौका घेऊन चाल केली, असा त्याचा आशय आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी, असे अनेकांनी मानले. काहींनी ती दक्षिणेला जंजिऱ्याजवळच्या राजापुरीला नेली, तर काहींनी आणखी वेगळ्या जागा सुचवल्या. घारापुरीच्या बाजूने एक लहानसा पण बोलका पुरावा आहे. बेटावरच्या टाक्यातला गाळ काढताना तांब्याचा एक घडा मिळाला. त्यावर संवत ११४३ चा, म्हणजे इसवी सन १०८६ च्या सुमाराचा लेख आहे. हा घडा जोगेश्वरी देवीचा असून तो श्रीपुरी येथे ठेवला, असे त्यात म्हटले आहे. या बेटाला अकराव्या शतकात पुरी म्हणत, एवढे यातून निश्चित होते. सातव्या शतकातली राजधानीही इथेच होती असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. इतक्या लहान बेटावर राज्याचा सगळा बारदाना मावणे अवघडच. खाडीच्या तोंडावरचे नाविक ठाणे म्हणून मात्र ही जागा शेकडो नौकांनी चालून जाण्याइतकी मोलाची होती, यात शंका नाही.

मोठ्या लेण्याकडे शेतबंदराच्या धक्क्यावरून पायऱ्या चढून जावे लागते. लेणे टेकडीच्या उंच अंगावर, बेसॉल्टच्या एकसंध थरात खोदलेले आहे. त्याला उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी तोंडे आहेत, आणि उत्तरेच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर सुमारे ३९ मीटर आहे. बर्जेसच्या मोजणीनुसार आत २६ मोकळे खांब होते आणि त्यांपैकी ८ त्याच्या वेळीच मोडलेले होते. खांबांचा खालचा भाग चौरस आणि साधा आहे. वर तो पन्हळी घेत गोल होतो आणि त्यावर दाबलेल्या उशीसारखे शीर्ष बसते. या शीर्षावर वरच्या डोंगराचा भार आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. खरे तर खांब आणि डोंगर एकाच दगडाचे असल्यामुळे भाराचा प्रश्नच वेगळा आहे. पण ते वजन डोळ्यांना जाणवावे अशीच शीर्षाची घडण आहे, आणि हे कारागिराचे मोठे कसब आहे.

या लेण्याला दोन अक्ष आहेत, आणि ते समजून घेतले की सारी रचना उलगडते. पूर्वेच्या दाराने येणाऱ्याला समोर चौरस गाभारा दिसतो. त्याला चारही दिशांना दारे आहेत आणि प्रत्येक दाराशी पुरुषभर उंचीहून मोठे द्वारपाल उभे आहेत. आत शिवलिंग आहे. पूजेचा हा अक्ष पूर्व-पश्चिम जातो. उत्तरेच्या दाराने येणाऱ्याची नजर मात्र खांबांच्या रांगेतून थेट दक्षिणेच्या भिंतीवरच्या सदाशिवावर, म्हणजे महेशमूर्तीवर जाते. हा दर्शनाचा अक्ष. लिंग निराकार, सदाशिव साकार, आणि दोन्ही एकाच मंडपात काटकोनात मांडलेले. पाशुपत शैवांच्या विचाराला दगडात असे रूप देणारी जागा भारतात दुसरी सांगणे कठीण आहे.

सदाशिवाची मूर्ती साडेपाच मीटरच्या आसपास उंच आहे. ‘त्रिमूर्ती’ हे तिचे रूढ नाव चुकीच्या समजुतीतून आले. इथे ब्रह्मा, विष्णू, महेश नाहीत, तर शिवाचीच तीन रूपे आहेत. मधले तत्पुरुषाचे मुख डोळे मिटलेले, शांत आहे. एका बाजूला अघोराचे मिशाळ, कपाळाला आठ्या पडलेले मुख आहे आणि हातात नाग आहे. दुसऱ्या बाजूला वामदेवाचे स्त्रीसुलभ मुख, केसांत मोत्यांचे सर आणि हातात कमळ. चौथे मुख पाठीमागे, खडकाच्या आत आहे असे मानायचे. पाचवे वर, अदृश्य. उत्तरेच्या दारातून येणारा उजेड या मूर्तीपर्यंत पोहोचेतो मंदावलेला असतो, त्यामुळे मधल्या मुखाचे ओठ आणि पापण्या सावलीनेच घडवल्यासारख्या वाटतात. मूर्ती एका खोल कोनाड्यात असल्यामुळे तिची मोडतोडही सर्वांत कमी झाली. तिच्या डाव्या-उजव्या हाताला अर्धनारीश्वर आणि गंगाधर हे दोन शिल्पपट आहेत. पूर्वेच्या दारापाशी सारीपाट खेळणारे उमामहेश्वर आणि कैलास हलवू पाहणारा रावण आहे. पश्चिमेला अंधकासुराचा वध आणि शिव-पार्वतीचा विवाह आहे. उत्तरेच्या दाराच्या दोन अंगांना नटराज आणि योगीश्वर आहेत.

यांपैकी विवाहाचा पट जवळून पाहण्यासारखा आहे. शिवाने पार्वतीचा हात हातात घेतला आहे. पार्वतीची मान किंचित झुकलेली आहे आणि तिचा सारा देह लाजेने आत ओढल्यासारखा आहे. पुरोहित म्हणून ब्रह्मदेव खाली बसला आहे. मागे पाण्याचा घडा घेतलेली आकृती उभी आहे. शिवाचे पाय मोडले आहेत आणि पार्वतीच्या हाताचाही काही भाग गेला आहे. तरी त्या झुकलेल्या मानेत नवरीचे सारे मन उरले आहे. समोरच्या अंधकासुरवधात तोच देव दात विचकून, भाला उगारून धावतो आहे. हे दोन पट समोरासमोर ठेवणाऱ्या शिल्पकाराला शिवाची दोन्ही टोके एका दृष्टिक्षेपात दाखवायची होती.

ही कला एकट्या घारापुरीची नाही. साष्टी बेटावरचे जोगेश्वरीचे विशाल लेणे याच शतकातले आहे. वेरूळच्या २९ क्रमांकाच्या धुमार लेण्याचा आराखडा घारापुरीशी इतका जुळतो की दोन्ही एकाच परंपरेतल्या कारागिरांची वाटतात. पुढे आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात ही शैव लेण्यांची परंपरा पुण्यापर्यंत आली. जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वराचे लेणे आणि त्यापुढचा गोल नंदीमंडप हे त्याचेच रूप. पाताळेश्वराचे काम साधे आणि अपुरे राहिले. पण घारापुरी पाहून आल्यावर तिथल्या मोकळ्या, चौरस खांबांतून फिरणाऱ्याला घराण्याची ओळख पटते.

लेणे खोदून झाल्यावर बेट लगेच विस्मृतीत गेले नाही. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत पुरी ज्यांत प्रमुख आहे अशा चौदाशे गावांच्या कोकणाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाने शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याला समुद्रात गाठून संपवले. बोरिवलीजवळच्या एकसर गावच्या वीरगळांवर वल्ही मारणाऱ्या नौकांची लढाई कोरली आहे. काही अभ्यासक ती याच युद्धाशी जोडतात, तर काही ती त्याहून जुनी मानतात. कोणतेही मत खरे धरले, तरी खाडीच्या तोंडाची ही बेटे म्हणजे आरमाराचे रणांगण होते, हे त्या दगडांवरून दिसते.

यादवांनंतर हा किनारा गुजरातच्या सुलतानांकडे गेला. १५३४ मध्ये सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातली बेटे पोर्तुगिजांना दिली, आणि घारापुरीही त्यांच्या हाती गेली. राजबंदरापाशी किनाऱ्यालगत दगडी हत्तीचा एक मोठा पुतळा उभा होता. त्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. त्याच साली गार्सिया द ओर्ता या वैद्याने लेणे पाहिले आणि पुढे १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केला. १५३८ मध्ये गोव्याहून दीवकडे निघालेल्या जुआंव द कास्त्रोने इथे थांबून लेण्याची मापे घेतली. हा मनुष्य दर्यावर्दी होता. पाण्याची खोली आणि वाऱ्याची दिशा टिपायची सवय असलेल्या हाताने त्याने खांबही मोजले, त्यामुळे त्याचे वर्णन नुसत्या कौतुकाचे नाही.

सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या दियोगो द कोतोने दोन मोलाच्या गोष्टी नोंदवल्या. लेण्याच्या भिंतींवर चुन्याचा आणि डांबरासारख्या द्रव्याचा लेप होता, त्यामुळे सारे लेणे झळकत असे, असे तो म्हणतो. आज काळपट दिसणारा हा दगड एके काळी गुळगुळीत आणि उजळ होता, हे त्यावरून ध्यानात येते. दुसरी नोंद फार क्लेशाची आहे. लेण्याच्या दारावर एक कोरलेला शिलालेख होता. पोर्तुगिजांनी तो काढला. इथे तो कुणाला वाचता येईना, म्हणून तो पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला. तिथेही तो वाचला गेला नाही आणि पुढे त्याचा मागमूस राहिला नाही. लेणे कुणी, कधी, कुणासाठी खोदवले याचे सरळ उत्तर त्या एका दगडावर असण्याची मोठी शक्यता होती. कलचुरी की मौर्य हा शतकभराचा वाद, नाण्यांवरची अनुमाने, शैलीच्या तुलना, हे सारे तो दगड हरवल्यामुळे करावे लागले. मूर्तींचे हातपाय मोडले त्याहून हे नुकसान मोठे आहे, कारण मोडलेल्या मूर्तीवरून मूळ रूप ताडता येते, हरवलेला लेख ताडता येत नाही. स्थानिक लोकांकडून कोतोला कळले ते एवढेच, की हे काम बाणासुराने आपली मुलगी उषा हिच्यासाठी करवले.

मोडतोडीचे खापर पोर्तुगीज शिपायांवर फोडले जाते. लेण्यातला प्रतिध्वनी ऐकण्यासाठी आत बंदुका-तोफा झाडल्याच्या गोष्टी अठराव्या शतकातल्या प्रवाशांनी लिहून ठेवल्या आहेत, आणि मूर्तींच्या खालच्या भागांची झालेली दशा पाहता त्या निराधार वाटत नाहीत. वसई-साष्टीच्या मुलखात पोर्तुगिजांनी बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याचे चर्च केले होते, हेही विसरता येत नाही. पण सगळा दोष एकाच्याच माथी मारणे योग्य होणार नाही. दर पावसाळ्यात लेण्यात पाणी साचे, खाऱ्या हवेने दगड पोखरला जाई, आणि ओसाड काळात इथे गुरे बांधली जात. खांबांचे पाय झिजून खचले, त्यात या सगळ्यांचा वाटा आहे.

यानंतर बेटाचे नाव पुण्याच्या राजकारणात येते. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली १७३७ मध्ये सुरू झालेली मोहीम मे १७३९ मध्ये वसई पडून संपली, आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता मोडली. साष्टीसह आसपासची बेटे मराठ्यांकडे आली. पुण्यात नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर जी यादवी माजली तिचा फायदा मुंबईकर इंग्रजांनी घेतला. १७७४ च्या डिसेंबरात त्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि त्याच धामधुमीत घारापुरीही. पुढे राघोबादादांशी सुरतेचा तह, पुणे दरबाराशी पुरंदरचा तह, मग वडगावची लढाई, असे सात वर्षे चालले. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी वसईसह बराच मुलूख परत केला. साष्टी आणि तिच्यासोबत घारापुरी, कारंजा आणि हॉग ही बेटे मात्र त्यांनी सोडली नाहीत. तहाच्या मसुद्यात एवढ्याशा बेटांची नावे मुद्दाम घालण्याचे कारण लेणी नव्हती. मुंबई बंदराच्या पाण्यावर दुसऱ्या कुणाची चौकी नको, हा इंग्रजांचा हिशेब होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांनी घारापुरीचे जे महत्त्व ओळखले तेच इथे पुन्हा दिसते.

इंग्रजी अमलात लेण्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. त्याआधी १७६४ मध्ये डेन्मार्कच्या मोहिमेतला कार्स्टन नीबुर इथे येऊन रेखाचित्रे काढून गेला होता आणि युरोपला लेण्याची खरी ओळख त्याच्या पुस्तकाने झाली. विल्यम अर्स्किन यांनी १८१३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे घारापुरीवर निबंध वाचला. शिल्पपटांचा अर्थ पुराणांच्या आधारे लावण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता. १८७१ मध्ये बर्जेसचे स्वतंत्र पुस्तक निघाले. या काळातली आस्था सारखी नव्हती. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या सन्मानार्थ मोठ्या लेण्यातच मेजवानी झाली. जिथे शिवलिंगाची पूजा होत आली तिथे जेवणाची टेबले मांडावीत, याचे आज वाईट वाटते.

राजबंदरच्या हत्तीची कथाही याच शतकातली. सप्टेंबर १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान तुटून पडली. १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना यारीची साखळी तुटली आणि पुतळ्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणून ठेवले गेले, आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी आहे. किनाऱ्यावर एक दगडी घोडाही होता असे सतराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या ओव्हिंग्टनने लिहिले आहे. त्याचे पुढे काय झाले ते कळत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांनी पश्चिमेच्या टेकडीच्या माथ्यावर बंदराच्या रक्षणासाठी तोफा बसवल्या. दोन मोठ्या तोफा अजून तिथे आहेत. लेणी संरक्षित स्मारक झाली, आणि १९८७ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भोवतीचे पाणीही बदलत गेले. समोर तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र झाले, शेजारच्या बुचर बेटावर तेलाची जहाजे लागू लागली आणि १९८९ मध्ये पूर्वेच्या किनाऱ्यावर न्हावाशेवा बंदर सुरू झाले. ठाण्याच्या खाडीच्या तोंडाशी चालणारा मालाचा व्यवहार त्या जागी अजून सुरूच आहे, फक्त रांजणांच्या जागी कंटेनर आले.

बेटावरच्या हजार-बाराशे माणसांचे जगणे मात्र बराच काळ या उलाढालीच्या कडेला राहिले. भातशेती आणि मासेमारी हे मूळ धंदे. पुढे लाँचने येणाऱ्या प्रवाशांवर पोट चालू लागले, शेतबंदरच्या धक्क्यापासून लहान गाडी सुरू झाली आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दुकाने लागली. समोर मुंबईचे दिवे दिसत असूनही इथल्या घरांत रात्री काही तास चालणाऱ्या जनरेटरचाच उजेड होता. समुद्राखालून केबल टाकून फेब्रुवारी २०१८ मध्ये बेटावर कायमची वीज आली, म्हणजे लेणी जागतिक वारसा झाल्यावर ३१ वर्षांनी.

किनाऱ्यांची अवस्था आजही उपेक्षेची आहे. घारापुरीला कोकणातल्यासारखी पांढऱ्या वाळूची पुळण नाही. ओहोटीला उघडा पडणारा चिखल, तिवरांची राई आणि दगडांचे पट्टे आहेत. प्रवासी शेतबंदरला उतरतो, लेणे पाहतो आणि दुपारच्या लाँचने परततो. मोराबंदर आणि राजबंदर, म्हणजे जिथे रांजण उतरले आणि जिथे हत्ती उभा होता ती ठिकाणे, त्याच्या वाटेत येत नाहीत. जुन्या बंदराचे अवशेष भरतीच्या रेषेच्या वर-खाली पसरलेले आहेत. लाटा, गाळ आणि वाढती बांधकामे यांच्यामुळे ते दरवर्षी थोडे थोडे नष्ट होत आहेत. लेण्याला जे संरक्षण मिळाले ते बेटाच्या संपूर्ण किनाऱ्याला मिळायला हवे. तिन्ही बंदरांचे सविस्तर उत्खनन आणि पाण्याखालची पाहणी व्हायला हवी. पुण्यात डेक्कन कॉलेजसारखी संस्था आहे, तिच्याकडे या किनाऱ्याच्या अभ्यासाची परंपरा आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना हे बेट एका दिवसाच्या अंतरावर आहे. हरवलेला शिलालेख परत येणार नाही. त्याने सांगितले असते त्यातले काही अजून सापडायचे असेल, तर ते या किनाऱ्यांच्या मातीत सापडेल.

लेणी सोमवारी बंद असतात. इतर दिवशी जाणाऱ्याने सकाळची पहिली लाँच धरावी आणि महेशमूर्ती पाहून झाल्यावर गावकऱ्यांना वाट विचारून राजबंदरपर्यंत चालत जावे.